रोह्याचे चिंतामणराव आणि अंदाजपत्रकाची शिस्त

दर वर्षी मार्चच्या सुमारास राज्याचे अंदाजपत्रक विधिमंडळात सादर होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून करांचे नवे दर आणि नव्या योजनांची नावे ठळक अक्षरांत झळकतात. पगारदार मनुष्य आपल्या खिशापुरता हिशेब मांडतो आणि अंदाजपत्रकाचा विषय संपला असे समजतो. वास्तविक त्या दिवशी तो संपत नाही, सुरू होतो. खातेवार मागण्या, कपात सूचना, विनियोजन विधेयक, पुढे पुरवणी मागण्या आणि वर्ष उलटून गेल्यावर लोकलेखा समितीपुढे होणारी झाडाझडती, ही सारी वाट चालून झाल्यावरच एखाद्या खेड्यातील साकवाचा रुपया रीतसर खर्ची पडला असे म्हणता येते. या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक टप्पा ज्याने आतून पाहिला असा एक मनुष्य पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याने देशाला दिला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्यांचे नाव. जग त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखते. रोह्याला ते चिंतामणराव आहेत.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडच्या पायथ्याकडील महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. बालपणाचा बराचसा काळ कुंडलिकेच्या काठी, रोह्यात गेला. तो काळ कोकणात रेल्वे नसण्याचा होता. मुंबईहून निघालेला प्रवासी धरमतरपर्यंत बोटीने यावा आणि पुढची वाट खटाऱ्याने किंवा पायी तुडवावी, अशी स्थिती होती. पावसाळ्यात ओढे-नाले भरले की गावाचा गावाशी संबंध तुटे. पेणच्या बाजूला खाडीकाठची शेती बांधांच्या भरवशावर उभी असे. उधाणाच्या एका रात्री खारबंदिस्तीचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि जमिनीतील खार धुऊन निघायला त्यानंतरचे कित्येक पावसाळे जावे लागत. सार्वजनिक बांधकाम हा शब्द शहरात इमारतींची आठवण देतो. पेण-रोह्याच्या माणसाला तो बांध, साकव आणि रस्ता यांची आठवण देतो. वेळेवर न झालेल्या दुरुस्तीची किंमत किती पिढ्यांना मोजावी लागते, हे या मुलखाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

अशा मुलखातून आलेल्या या विद्यार्थ्याने १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला, वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविले आणि १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत सर्वांत वरचे स्थान घेतले. बागेची आवड आणि कालिदासाची गोडी ही दोन्ही त्यांना जन्मभर पुरली. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा मनुष्य कारकिर्दीने मात्र आकड्यांच्या संगतीत राहिला.

नोकरीचा प्रांत मिळाला तो मध्यप्रांत व वऱ्हाड. तेथे जिल्ह्याचा कारभार, जमाबंदी आणि पुढे नागपूरचे सचिवालय अशी दोन दशके त्यांनी काढली. महसूल सचिव आणि अर्थसचिव ही दोन्ही पदे त्यांना विलक्षण लहान वयात मिळाली. प्रांतिक कायदेमंडळ पैशाचा व्यवहार कसे हाताळते, याचे शिक्षण त्यांना याच नागपुरात मिळाले आणि ते शिक्षण सोपे नव्हते.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली होती. शिक्षण, आरोग्य, रस्ते व इमारती यांसारखी खाती लोकप्रतिनिधी मंत्र्यांकडे सोपविलेली होती. अर्थखाते, पोलीस, जमीनमहसूल आणि पाटबंधारे ही खाती राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या हाती होती. रस्ता बांधण्याची जबाबदारी एकाची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याची, असा हा मामला. कायदेमंडळ मागण्यांवर मत देई. पण राखीव खात्याची मागणी त्याने नाकारली तरी गव्हर्नर ती आवश्यक ठरवून पुन्हा मंजूर करून घेऊ शके. १९२४ साली मध्यप्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. त्याने सरकारच्या मागण्या फेटाळून लावल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये एवढाच ठेवला. मंत्र्यांनी पदे सोडली आणि सोपीव खात्यांचा कारभारही गव्हर्नरने आपल्या हाती घेतला. त्या वेळी देशमुख त्याच प्रांतात नवखे अधिकारी होते. पैसे मंजूर करण्याचा अधिकार हेच लोकसभागृहाचे खरे शस्त्र असते आणि तो अधिकार अर्धवट असेल तर त्या शस्त्राने लढता येते पण राज्य चालविता येत नाही, असा त्या प्रसंगाचा अर्थ होता.

मध्यप्रांताची तिजोरी सदैव तंगीत असे. मोठी बंदरे नाहीत, मोठे कारखाने थोडे, जमीनमहसूल पावसावर अवलंबून. अशा प्रांताच्या अर्थखात्यात बसणाऱ्याला नकार देण्याची सवय लावून घ्यावी लागते. पण केवळ नकार देऊन प्रांत चालत नाही, हेही त्याला कळत जाते. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता यायची ठरली तेव्हा केंद्राने प्रांतांना कोणत्या करांत किती वाटा द्यावा, हे ठरविण्यासाठी सर ऑटो निमायर यांची नेमणूक झाली. मध्यप्रांताची बाजू मांडणारे निवेदन देशमुखांनी तयार केले आणि त्याची तारीफ झाली. १९३६ च्या निमायर निवाड्यात प्राप्तिकराच्या वाटपयोग्य रकमेत मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी २० टक्के, तर मध्यप्रांताला ५ टक्के हिस्सा मिळाला आणि प्रांताच्या डोक्यावरील जुन्या कर्जाचा काही भार माफ झाला. हे आकडे कोरडे वाटतील. परंतु प्रांताचा विकास हा त्याच्या कायदेमंडळातील भाषणांवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो केंद्र आणि प्रांत यांच्या वाटणीवर अवलंबून असतो, हे त्या कोरड्या आकड्यांत लिहिलेले होते.

१९३९ साली देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. युद्धकाळातील महागाई, लंडनमध्ये साचलेली स्टर्लिंगची शिल्लक, १९४४ ची ब्रेटन वुड्सची परिषद, फाळणीनंतरची चलनाची व मालमत्तेची विभागणी आणि १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण, एवढ्या उलथापालथी त्यांच्या कारकिर्दीत झाल्या. सरकारने खर्चासाठी बँकेकडे हात पसरला की त्याचा भार अखेर बाजारात तांदूळ घेणाऱ्यावर कसा पडतो, हे बंगालचा दुष्काळ आणि युद्धाची भाववाढ पाहिलेल्या गव्हर्नरला वेगळे सांगावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रांतांच्या वाटणीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पंजाब व बंगालची फाळणी झाल्याने निमायरचे जुने प्रमाण निरुपयोगी झाले होते. राज्यघटनेनुसार वित्त आयोग नेमला जाईपर्यंतच्या काळासाठी वाटा ठरविण्याचे काम सरकारने देशमुखांकडे सोपविले. १९५० चा हा निवाडा देशमुख निवाडा म्हणूनच ओळखला जातो. त्यात प्राप्तिकराच्या वाटपातून मुंबई राज्याला २१ टक्के, उत्तर प्रदेशाला १८, मद्रासला साडेसतरा, पश्चिम बंगालला साडेतेरा, बिहारला साडेबारा आणि मध्य प्रदेशाला ६ टक्के मिळाले. चौदा वर्षांपूर्वी एका गरीब प्रांताचे वकीलपत्र घेतलेला मनुष्य आता सर्वांचा पंच झाला होता. आपले जन्मराज्य आणि आपले कर्मराज्य या दोघांपैकी कोणाकडेही झुकल्याचा ठपका या निवाड्यावर सहजासहजी ठेवता येणार नाही.

त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर निवडून दिले. पेण, रोहा, माणगाव, महाड यांचा प्रतिनिधी देशाच्या तिजोरीचा कारभारी झाला. १९५२ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी हंगामी अंदाजपत्रक मांडले. निवडणूक होऊन गेलेली. जुने सभागृह मावळत असलेले आणि नवे अजून जमायचे. अशा वेळी वर्षभराच्या करांचा व खर्चाचा निर्णय जुन्या सभागृहाने घेऊ नये, केवळ काही महिन्यांचे लेखानुदान मंजूर करावे आणि पूर्ण अंदाजपत्रक नव्या प्रतिनिधींपुढे यावे, हा संकेत तेथे पाळला गेला. मे महिन्यात नव्या लोकसभेपुढे पूर्ण अंदाजपत्रक आले. आज राज्याराज्यांतून निवडणुकीच्या वर्षी लेखानुदान मांडले जाते, त्यामागील तत्त्व हेच आहे. लेखानुदानाच्या आडून घोषणांची खैरात करणे म्हणजे त्या तत्त्वालाच बगल देणे होय.

त्यांच्याच कारकिर्दीत क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वित्त आयोगाच्या शिफारशी आल्या. प्राप्तिकरातील राज्यांचा एकत्रित वाटा ५० वरून ५५ टक्क्यांवर गेला आणि तंबाखू, काड्यापेट्या व वनस्पती तूप यांवरील अबकारीचा ४० टक्के भाग राज्यांना मिळू लागला. परंतु वाटणी करताना आयोगाने ८० टक्के भार लोकसंख्येला आणि केवळ २० टक्के भार करवसुलीला दिला. 'ब' वर्गातील राज्येही वाटणीत सामील झाली आणि मुंबई राज्याचा हिस्सा २१ वरून साडेसतरा टक्क्यांवर आला. कर जेथे गोळा होतो तेथे तो अधिक परत यावा, अशी मुंबईची भूमिका होती. मुंबई राज्यातून निवडून आलेल्या अर्थमंत्र्याच्या सरकारने तरीही या शिफारशी स्वीकारल्या. आपल्या मुलखाला वाकडी वाट करून काही देणे हा लोकप्रतिनिधीचा धर्म मानला जाऊ लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

या सचोटीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. सहा वर्षे कुलाब्याचे अर्थमंत्री दिल्लीत होते. त्या सहा वर्षांत पेणला वा रोह्याला रेल्वे आली नाही. रेल्वेचे अंदाजपत्रक तेव्हा स्वतंत्र असे, ही गोष्ट खरी. पण अर्थमंत्री आपल्या माणसांसाठी काय करतो, असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला त्या भेदाशी कर्तव्य नव्हते. अर्थखात्याची काटकसर पुष्कळदा दुबळ्या भागालाच अधिक बाधते. ज्या जिल्ह्यात उद्योग आहेत तेथे रस्त्याचे उत्पन्न आधी दाखविता येते, जेथे काहीच नाही तेथे रस्ता परवडत नाही असा शेरा पडतो आणि रस्ता नाही म्हणून उद्योग येत नाहीत. आकड्यांच्या शिस्तीला मागासलेपणाची दखल घेणारे तत्त्व जोडले नाही तर ती शिस्त निष्ठुर होते. देशमुखांनी ते तत्त्व व्यक्तीच्या मर्जीत शोधले नाही, योजनेत शोधले. नियोजन मंडळाचे ते आरंभापासूनचे सदस्य होते. इम्पीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी झालेली स्टेट बँक आणि जानेवारी १९५६ मध्ये झालेले आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण यांमागे खेड्यांपर्यंत पतपुरवठा न्यावा आणि जनतेची बचत जनतेच्या बांधकामांकडे वळावी, हा हेतू होता. दुसऱ्या योजनेत सार्वजनिक क्षेत्रासाठी ४८०० कोटींचा खर्च धरलेला होता आणि त्यांपैकी १२०० कोटी तुटीच्या अर्थपुरवठ्यातून उभारायचे होते. ही उडी मोठी होती. तिचे बरेवाईट परिणाम दिसू लागण्यापूर्वीच देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले होते.

ते का बाहेर पडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत क्षोभ उसळला, गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. तो लगेच स्वीकारला गेला नाही आणि मधल्या काळात १९५६-५७ चे अंदाजपत्रक त्यांनीच मांडले. अखेर जुलैमध्ये ते पायउतार झाले आणि लोकसभेत त्यांनी आपली बाजू मांडली. मुंबईवरील महाराष्ट्राच्या हक्काचा प्रश्न तर त्यात होताच. परंतु एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून घेतला गेला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे दोन आक्षेप त्यांनी अग्रभागी ठेवले. भावनेच्या लाटेवर स्वार होण्याची संधी असताना त्यांनी पद्धतीचा प्रश्न उपस्थित केला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. ज्या माणसाने आयुष्यभर मंजुरीवाचून खर्च नाही हा नियम पाळला, त्याला मंजुरीवाचून निर्णय हेही तितकेच असह्य होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पुढील आयुष्यात त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १९५९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मद्रासच्या एका व्याख्यानात सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी एक स्वतंत्र, कायम स्वरूपाचे न्यायमंडळ असावे, असे त्यांनी सुचविले. दिल्लीने ती सूचना स्वीकारली नाही. मात्र महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोक आयुक्तांचा कायदा केला आणि तो अमलात आणण्यात इतर राज्यांच्या आधी पाऊल टाकले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत देशमुख उभे राहिले व तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. जन्मजिल्ह्याचे नाव त्याच्या आदल्या वर्षी कुलाब्याचे रायगड झाले होते.

ज्या नागपुरात देशमुख अर्थकारण शिकले, तेथेच आता महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि तेथे दर वर्षी पुरवणी मागण्या मांडल्या जातात. द्विदल पद्धतीतील लंगडे अधिकार जाऊन कित्येक दशके झाली. राज्यघटनेच्या २०२ पासून २०७ पर्यंतच्या अनुच्छेदांनी विधिमंडळाला पूर्ण अधिकार दिला आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून सभागृहाच्या कायद्यावाचून एक रुपयाही काढता येत नाही. व्याज, न्यायाधीशांचे पगार यांसारखा भारित खर्च सोडला तर प्रत्येक मागणी विधानसभेच्या मतास टाकावी लागते. विधानपरिषद चर्चा करू शकते. मत देऊ शकत नाही. कपात सूचनेच्या मार्गाने एखादा आमदार मागणी एक रुपयावर आणून साऱ्या धोरणाविषयी नापसंती व्यक्त करू शकतो किंवा शंभर रुपयांची कपात सुचवून आपल्या तालुक्यातील एकाच नादुरुस्त पुलाकडे सभागृहाचे लक्ष वेधू शकतो. १९२४ च्या सभासदांनी ज्या अधिकारासाठी पदांवर पाणी सोडले, तो आज पूर्णपणे हाती आहे.

त्याचा वापर कसा होतो, हा प्रश्न निराळा. कित्येक खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून, ठरलेल्या दिवशी एका दमात मंजूर होतात. पुरवणी मागणी ही अनपेक्षित गरजेसाठी असते; ती नित्याची झाली की मूळ अंदाजपत्रकाला अर्थ उरत नाही. मूळ तरतूदच पूर्ण खर्ची पडलेली नसताना पुरवणी रक्कम मागितली गेली, असे शेरे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा आढळतात. बांधकामाच्या बाबतीत ही सैल वृत्ती विशेष महागात पडते. कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, तांत्रिक मान्यता होते, निविदा निघते, नारळ फुटतो; परंतु लेखाशीर्षाखाली तरतूद मात्र नाममात्र असते. एका वर्षात पुरी होणारी पाच कामे हाती घेण्याऐवजी पन्नास कामांना थोडे थोडे पाणी शिंपडले की पन्नास ठिकाणी कोनशिला बसतात आणि एकही पूल पुरा होत नाही. मार्चअखेर अखर्चित रक्कम व्यपगत होणार म्हणून शेवटच्या महिन्यात देयकांची झुंबड उडते आणि मोजमाप पुस्तकातील नोंदी प्रत्यक्ष डांबराच्या थराशी जुळतात की नाही, हे पाहायला कोणालाच सवड राहत नाही.

पेण आणि रोहा या दोन गावांना या साऱ्याचा अनुभव दोन्ही अंगांनी आलेला आहे. रेल्वे त्यांच्याकडे आली ती १९८०-९० च्या दशकात, आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्या मार्गाचा आरंभबिंदू रोहा हाच ठरला. मधु दंडवते यांच्या रूपाने पुन्हा एक कोकणचा प्रतिनिधी त्या वेळी देशाचा अर्थमंत्री होता. मात्र काम कोणाच्या मर्जीवर सोडले गेले नाही. भांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा आधी ठरला, उरलेला पैसा रोख्यांतून उभारला गेला आणि डोंगर, दरड, पाऊस यांना तोंड देत १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग खुला झाला. उलट, याच गावांजवळून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी पुरे झाले नाही. भूसंपादन, ठेकेदाराची आर्थिक ओढाताण, पुन्हा निविदा या चक्रात ते अडकून राहिले. तो रस्ता केंद्राच्या अखत्यारीतील आहे, राज्याच्या नव्हे. पण खड्ड्यातून एस. टी. हाकणाऱ्या चालकाला ही वर्गवारी उपयोगाची नसते. दोन कामांतील फरक भूगोलाचा नव्हता. रेल्वेचा मार्ग अधिक अवघड होता. पैसा कोठून येणार, किती येणार आणि कोणाला जाब द्यायचा, हे एका कामात आधी ठरलेले होते आणि दुसऱ्यात ते पुनःपुन्हा नव्याने ठरवावे लागले.

चिंतामणरावांच्या चरित्रापासून घ्यायचे ते त्यांचे परीक्षेतील पहिले क्रमांक नव्हेत. ते सर्वांच्या आवाक्यातील नाहीत. सर्वांच्या आवाक्यात आहे ती त्यांची हिशेबाची रीत: खर्चाआधी तरतूद, तरतुदीआधी चर्चा आणि खर्चानंतर तपासणी. राज्याचे अंदाजपत्रक, खातेवार मागण्यांची पुस्तके आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल हे प्रकाशित दस्तऐवज आहेत. रस्ते व पूल यांचे महसुली लेखाशीर्ष ३०५४ आणि भांडवली लेखाशीर्ष ५०५४ हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी आपल्या तालुक्यातील कोणत्या कामाला किती रक्कम मिळाली, याचा माग काढता येतो. शाळेतील शिक्षकाने नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्याच गावचा एखादा पूल घेऊन हा माग काढून दाखविला, कचेरीतील कारकुनाने मार्चअखेरचे देयक पुढे सरकविण्यापूर्वी मोजमापाची नोंद पाहिली आणि मतदाराने आपल्या आमदाराला कोनशिलांची संख्या न विचारता पुऱ्या झालेल्या कामांची संख्या विचारली, तर विधिमंडळातील चर्चेवरही त्याचा परिणाम झाल्यावाचून राहणार नाही. रोह्यातील एका महाविद्यालयाला चिंतामणरावांचे नाव दिलेले आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीला निदान आपल्या राज्याचे अंदाजपत्रक वाचता यावे, एवढी अपेक्षा त्या नावाच्या पोटी ठेवायला हरकत नाही.